बांगड्या ऐकू येणारं मशीन

लातूरच्या त्या शोरूममध्ये एक अख्खी भिंत टीव्हींची आहे. सगळ्यांवर एकच चित्र चालू असतं. हिरवा पोपट, त्याच्या चोचीवरून ओघळणारा पाण्याचा थेंब, मग एकदम लालभडक फुलं, पुन्हा पोपट. इतका हिरवा पोपट मी उभ्या मराठवाड्यात पाहिलेला नाही. आमचे पोपटही धुळीतले. काल चार्जरची वायर घ्यायला म्हणून आत गेले आणि पाय त्या भिंतीपाशी अडकले. गेल्या महिन्यात इथंच, याच पोपटांच्या देखत, मी बाबांशी खोटं बोलताना पकडले गेले होते. वायर न घेताच बाहेर आले.

बाबांना दुकानाची भिंत कधीच चालत नसे. "भिंत बघायची न्हाई," ते म्हणायचे. "एकाला बघायचं आन् बाकीच्यांना झाकायचं." मी लहान असताना ते खरोखर दुकानदाराकडून चादर मागून घ्यायचे आणि शेजारच्या टीव्हीवर टाकायचे. दुकानदार हसायचा, पण चादर द्यायचा.

तेव्हा आम्ही मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांचं काम कानाचं होतं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याच्या चाकांना ठोकत जायचं. ठण्ण वाजलं की चाक चांगलं, ठप्प वाजलं की आत कुठंतरी भेग. भेग डोळ्याला दिसायच्या आधी कानाला दिसते, असं ते म्हणत. ड्यूटीवरून आले की त्यांच्या अंगाला ग्रीसचा, तापलेल्या लोखंडाचा आणि बिडीचा मिळून एक वास यायचा. मला तो आवडायचा. माय मात्र त्यांना आंघोळीआधी सैपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही.

रेडिओ असो, टेप असो की टीव्ही, आमच्याकडं सगळ्याला एकच शब्द होता, मशीन. कुणाकडं मशीन घ्यायचं ठरलं की माणसं आधी आमच्या क्वार्टरवर यायची. मुलगी बघायला जाताना एखादा जाणता माणूस सोबत नेतात, तसं बाबांना नांदेडला न्यायची. लग्नसराईत तर दर सुटीला कुणी ना कुणी दारात. सकाळची पॅसेंजर, तिच्यात फुलांच्या टोपल्या घेऊन चढलेल्या बाया, मोगऱ्याचा आणि डिझेलचा एकत्र वास, आणि खिडकीशी बाबा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट असायची. मी हट्टानं सोबत जायचे, कारण परतताना बाबा नांदेडच्या वजिराबाद बाजारात मला उसाचा रस पाजायचे.

त्या कॅसेटवर माझी माय होती.

आमच्या घरी पहिलं टेपचं मशीन आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. मी पाचेक वर्षांची असेन. बाबांनी मशीन हळूच सैपाकघराच्या खिडकीत ठेवलं, लाल बटण दाबलं आणि स्वतः बुटाची नाडी बांधायचं नाटक करत तिथंच बसून राहिले. माय भाकरी थापत होती. तिला पत्ता नव्हता. थापताना तिला गुणगुणायची सवय होती. शब्द तिचेच, चालही तिचीच, अर्धा पाळणा आणि अर्धं नुसतंच गं बाई गं. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. कॅसेटची अख्खी एक बाजू भरून तेवढंच आहे, परातीतली थाप, मायचा गळा आणि बांगड्या. नंतर तिला ऐकवलं तेव्हा ती लाजून लाल झाली. "ह्ये काय केलंव? भाकरी थापल्याली काय ऐकायची चीज हाय का?" असं म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून दोनदा ऐकलं.

दुकानदार आपली कॅसेट लावायला निघाला की बाबा हात आडवा करायचे. "तुमची कॅसेट तुमच्या मशीनला शिकवल्याली असती. माझी लावा." मग वजिराबादेच्या भर बाजारात, थर्माकोलच्या आणि नव्या प्लास्टिकच्या वासात, माझी माय भाकरी थापू लागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघून हसायची. पण थोड्याच वेळात हसणं थांबायचं, का ते मला कळायचं नाही. एकदा देगलूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई पंखा बघायला आल्या होत्या, त्या पंखा सोडून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

बाबांची परीक्षा साधी होती. थाप परातीत वाजली पाहिजे, आपल्या छातीत नाही. छातीत वाजली तर मशीन फुगवून बोलतं. गळा पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा यावा. आणि बांगड्या सुट्या सुट्या वाजाव्यात, एकेक मोजता यावी. दुकानदार खुंटी पिळून आवाजाची किणकिण वाढवायचा तर बाबा मान हलवायचे. "ह्या बांगड्या न्हाईत, ह्या पितळच्या वाट्या हायत." दोन मशिनं शेजारी लावली की जे खपवायचं असेल त्याचा आवाज दुकानदार बोटभर जास्त ठेवायचा. बाबा आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला लावायचे, मगच ऐकायचे. परतताना रसाच्या गाड्यावर मला सांगायचे, "जोरात बोलणारा खरा वाटतो बाई. पंचायतीत बी आन् दुकानात बी."

टीव्हीला मायची कॅसेट चालायची नाही, तिथं ते माणसाचा चेहरा मागायचे. फुलं नकोत, नाच नको, बातम्या लावा. दुकानातली ट्यूबलाइट बंद करा. मग पडद्याशेजारी स्वतःचा काळा राकट पंजा धरायचे आणि बातम्या देणाऱ्या बाईकडं आणि पंज्याकडं आळीपाळीनं बघायचे. ज्या मशीनमध्ये सगळी माणसं गोरी दिसायची ते मशीन नातेवाइकांना हमखास आवडायचं, आणि बाबा हमखास नापास करायचे. "आपल्यात एवढं गोरं कोण हाय? मंग ह्यो कुणाचा टीव्ही?"

धर्माबादच्या मामांनी मात्र त्यांचं ऐकलं नाही. मामा म्हणजे मायचे थोरले भाऊ. मिरचीच्या आडतीवर माल पारखायचे. मूठभर मिरची उचलून नाकाशी नेली की कुठल्या रानातली ते सांगायचे, एवढी त्यांची ख्याती. दुकानात एका टीव्हीवर लाल साडीतली बाई आली आणि मामा तिथंच विरघळले. असला लाल रंग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"दाजी, ह्येच घ्यायचं. लाल बगा कसा हाय!"

"पाव्हणं, एवढी लाल मिरची आडतीवर आली तर तुम्ही काय करता?"

"रंग लावल्याला माल म्हणून परत लावतो."

"मंग?"

मामा हसले, डोकं खाजवलं आणि तेच मशीन घेऊन गेले. त्यांच्या घरी टीव्हीतली सगळी माणसं ठसका लागल्यासारखी दिसायची. आम्ही त्यांची थट्टा करायचो. वर्षभरानं मामा आमच्याकडं मुक्कामाला आले, आमच्या टीव्हीसमोर बसले आणि जरा वेळानं काळजीनं म्हणाले, "दाजी, तुमच्या मशीनमदी लोकं आजारी हायत का?" आम्ही पोट धरून हसलो. बाबा तेवढे हसले नाहीत. "सवय लागली की रंगवल्यालंच खरं वाटतं," असं काहीसं पुटपुटले. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माय गेली. त्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही. त्यानंतरचे उन्हाळे तेवढे लिहिते. क्वार्टरच्या पत्र्यावर ऊन तडतडायचं, माठाखालची वाळू सुकून जायची, आणि दुपारी ड्यूटीवरून आले की बाबा चहाचं आधण ठेवून कॅसेट लावायचे. सुटीत मी घरी यायचे तेव्हा दारातच परातीतली थाप ऐकू यायची आणि क्षणभर मला खरं वाटायचं. दर वेळी वाटायचं. बूट काढता काढता ते विरून जायचं आणि मग आत जाऊन मी चहा गाळायचे. बाबा गाणं ऐकत नसत, हे मला त्या दिवसांत कळलं. ते बांगड्या ऐकत. एखादी नीट वाजली की त्यांची पापणी हलायची.

निवृत्तीच्या सुमाराला त्यांच्या ड्यूटीवरच्या जोडीदाराला कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "डोळ्याचं काई न्हाई," ते म्हणाले. "दिसलं न्हाई तर हात धरून कुनीबी नेतं. कान गेले की मानूस दुसऱ्याच्या सांगण्यावर जगतो. हलक्या कानाचाच होतो म्हना." दुसऱ्याच्या सांगण्यावर जगणं हे त्यांच्या लेखी मरणापेक्षा फार वेगळं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मी लातूरला शाळेत नोकरीला लागले, इथंच संसार झाला. निवृत्तीनंतर बाबा नांदेडात एका खोलीत एकटेच राहत होते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना जवळजवळ उचलूनच लातूरला आणलं. सोबत एक पेटी, बुद्धाची तसबीर आणि ते जुनं मशीन. मशीनचा पट्टा तुटला होता. वजिराबादेतला दुरुस्तीवाला कधीच गेला, त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. लातूरला मी सगळीकडं विचारलं. पोरं मशीन हातात घेऊन उलटसुलट करायची आणि त्याचा फोटो काढायची. शेवटी एका रेकॉर्डिंगवाल्यानं कॅसेटचं पेनड्राइव्हमध्ये करून दिलं. मला केवढा आनंद झाला होता! घरी येऊन टीव्हीला लावलं आणि बाबांना खुर्ची दिली.

बाबा ऐकत राहिले. कपाळाला आठी पडली.

"थाप हाय. ती बी हाय. बांगड्या कुठं गेल्या?"

मला येत होत्या. बारीक, जरा पत्र्यासारख्या, पण येत होत्या. मला वाटलं, आमच्या चपट्या टीव्हीचा दोष असेल. बाबाही तेच म्हणाले. "ह्याला तोंडच न्हाई, बोलंल कुठून? चांगलं मशीन बघू."

मी वेडी, की मुद्दाम आंधळी? गॅलरीत चिमण्या कलकलाट करायच्या आणि बाबा म्हणायचे, "लातुरात चिमण्या राहिल्याच न्हाईत बग." माझ्या फोनची बारीक रिंग शेजारी वाजायची आणि ते पेपर वाचत बसायचे. कुकरची शिट्टी ऐकायचे, रस्त्यावरचा हॉर्न ऐकायचे, जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे ऐकून "थाप छातीत मारून राहिले," म्हणून वैतागायचे. त्यामुळं मी स्वतःची समजूत घालत होते. जे बारीक आहे तेवढंच त्यांच्यापासून गळून चाललं होतं.

पहिल्या दुकानात साउंडबार लावला आणि बांगड्या लख्ख वाजल्या. इतक्या लख्ख की माझ्या अंगावर काटा आला. मायचं मनगट डोळ्यांसमोर आलं, त्यावरचा भाजल्याचा डाग आला. मी हसून बाबांकडं वळले. ते डोळे मिटून, मान तिरकी करून, पूर्वी वजिराबादेत उभे राहायचे तसेच उभे होते. वाट बघत होते. बराच वेळ वाट बघून डोळे उघडले.

"न्हाई. तुला आल्या?"

त्या एका क्षणात काय काय मनात आलं ते सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेशही नव्हता. खात्री होती, मशीन लबाड असल्याची.

"न्हाई, बाबा," मी म्हणाले. "न्हाईच येत."

"बगितलं? एवढं मोठं दुकान आन् माल असला." ते जवळजवळ खूश होऊन बाहेर पडले. परत येताना रिक्षात त्यांनी मला पुन्हा सगळी परीक्षा समजावून सांगितली, थाप कशी, गळा कसा. मी मान डोलवत होते. दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच झालं. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप बोललं जातं, त्याला वेगळी हिंमत लागत नाही. कानाच्या डॉक्टरचा विषय मी एकदा आडून काढला, तर म्हणाले, "मशीन खराब आन् औषध मला?"

तिसरं दुकान म्हणजे हे, पोपटांच्या भिंतीचं. तिथं निलंग्याकडची एक पोरगी होती, चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र. बाबांनी पोपट बघून विचारलं, "एवढे भडक रंग घरी बी असंच दिसतात का?"

"न्हाई काका. हा शोरूम मोड हाय. घरी गेल्यावर होम मोड करायचा."

"म्हंजी मशीनला बी ठाऊक हाय, की ते दुकानात हाय!" बाबा इतके मनापासून हसले की ती पोरगीही हसली. मग बाबांनी तिला दोन साउंडबार शेजारी ठेवायला लावले, आवाज सारखा करायला लावला. तिनं न कुरकुरता केला. पेनड्राइव्ह लावला. माय भाकरी थापू लागली.

बाबांनी डोळे मिटले. मी नेहमीसारखी खाली बघत उभी राहिले, उत्तर तयार ठेवून. पण उत्तर द्यायची वेळच आली नाही.

"अय्यो, किती भारी!" ती पोरगी म्हणाली. "बांगड्या तर बगा काका, कशा किणकिण वाजून राहिल्यात! आमची मम्मी अशीच थापती."

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"तुला येतात?"

"हाव," मी म्हणाले.

"मागल्या दुकानात?"

"हाव."

"त्याच्या आदी?"

मी होकाराची मान हलवली. ती पोरगी काहीतरी चुकलं असं वाटून आवाज वाढवू लागली. बाबांनी तिला हातानंच थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त एकदम म्हातारे दिसू लागले, उभ्या उभ्या.

"दुकानदार खोटं बोलतो, त्याला मशीन खपवायचं असतं," ते हळू म्हणाले. "तुला काय खपवायचं होतं गं?"

तुम्हाला दुःख नको म्हणून, असं तोंडावर आलं होतं, पण ते मला माझंच फसवं वाटलं. दुःख मला नको होतं. चाकांमधली भेग कानानं ओळखणारा माझा बाप मला तसाच हवा होता, आणि त्यासाठी मी त्यालाच रंग लावत होते. एवढं सगळं मला त्या वेळी सुचलं नाही, आता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मी नुसती उभी होते आणि भिंतीवरून पोपट माझ्याकडं बघत होते.

शोरूममध्ये एक सोफा ठेवलेला असतो, गिऱ्हाइकाला घरी बसल्यासारखं वाटावं म्हणून. बाबा त्यावर जाऊन बसले. गुडघ्यांवर हात ठेवले. जरा वेळानं त्या पोरीला म्हणाले, "माय, पुन्यांदा पयल्यापासून लाव." आणि मला समोरच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. "बस हितं. बांगडी वाजली की बोट वर कर. वाजंल तवाच. बाकी काई बोलू नगं."

मी बसले. माय सुरू झाली. बांगडी वाजली, मी बोट वर केलं. पुन्हा वाजली, पुन्हा वर केलं. बाबा माझ्या बोटाकडं बघत होते, एकटक, आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते. दोन बांगड्या लागोपाठ आल्या तेव्हा मी दोनदा केलं, आणि त्यांची पापणी हलली. ती पोरगी हातातला रिमोट धरून तशीच उभी होती. एक जोडपं वॉशिंग मशीन बघत होतं, तेही थांबलं. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझे डोळे भरून आले, मग नाक, मग कानांतही नुसतं घों घों होऊ लागलं. काही म्हणता काही ऐकू येईना. बोट खाली ठेवायचं धैर्य होईना, म्हणून मी अंदाजानं एकदा वर केलं.

"हितं न्हाई," बाबा म्हणाले. "हितं ती थांबली होती. तू झोपंतून उठून दारात आलीस. तुझ्याकडं बगून राहिली होती."